परतीचा वारा

५ ऑक्टोबर १४९८. कारवारसमोरच्या अंजदीव बेटाजवळून वास्को द गामाच्या जहाजांनी शिडं उभारली. बेटावरच्या मुक्कामात दोन जहाजं किनाऱ्याला आडवी करून त्यांचे तळ खरवडून झाले होते, पिंपांत गोडं पाणी भरून झालं होतं. आता सरळ पश्चिमेला आफ्रिका. एप्रिल-मेमध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून मलबारकडे येताना हाच समुद्र त्यांनी २३ दिवसांत ओलांडला होता. परत जायला लागले तीन महिन्यांना तीनच दिवस कमी. २ जानेवारी १४९९ ला मोगादिशूजवळचा किनारा दिसला, तोपर्यंत तीसेक माणसं मेली होती आणि एकेका जहाजावर उभं राहून काम करू शकणारे जेमतेम सात-आठ उरले होते. हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या, पाय सुजलेले, अन्न चावता येत नाही अशी अवस्था. पुढे ‘सांव राफाएल’ हे जहाज त्यांनी स्वतःच जाळून टाकलं. ते चालवायला माणसंच नव्हती.

समुद्र तोच, जहाजं तीच, माणसंही तीच. चुकली होती ती फक्त तारीख. ऑक्टोबरात नैऋत्येचा मोसमी वारा ओसरलेला असतो आणि ईशान्येचा अजून नीट धरलेला नसतो. कोकणात ज्यांनी ऑक्टोबर काढला आहे त्यांना हे सांगायला नको: वारा पडतो, घामाच्या धारा लागतात, माडाची झावळीसुद्धा हलत नाही. त्या पडलेल्या हवेत शिडाचं जहाज घेऊन दोन हजार सागरी मैल जायचं म्हणजे काय, ते या तीन महिन्यांत दिसतं. कालिकतच्या बंदरातला कुठलाही नाखवा सांगू शकला असता की आफ्रिकेला निघायचं ते डिसेंबर-जानेवारीत. गामाचं कालिकतच्या राजाशी, म्हणजे सामोरीशी, बिनसलं, तो २९ ऑगस्टला घाईने बाहेर पडला, आणि त्या घाईची किंमत खलाशांनी दिली.

युरोपच्या सागरी मोहिमांबद्दल वाचताना आपल्यासमोर नेहमी ‘पोहोचणं’ येतं. अमुक साली अमका तिथे पोहोचला, त्याने तिथे खांब रोवला. मला मात्र वाटतं की या सगळ्या कहाणीचं मर्म परत येण्यात आहे. वाऱ्याबरोबर कुठेतरी वाहत जाणं कुणालाही जमतं. परत कुठल्या वाऱ्याने यायचं हे ज्याला कळलं, त्याला व्यापार करता आला, आणि व्यापारामागून साम्राज्य उभं करता आलं.

पोर्तुगीजांना हा धडा पहिल्यांदा मिळाला तो मोरोक्कोच्या दक्षिणेला. केप बोजादोर नावाचं भूशिर. ते ओलांडायला कित्येक वर्षं कुणी धजत नव्हतं, शेवटी १४३४ मध्ये जिल इयानेशने ओलांडलं. तिथे समुद्र उकळतो, राक्षस राहतात वगैरे गोष्टी सांगितल्या जात. खरी अडचण साधी होती. त्या किनाऱ्यावर व्यापारी वारे बहुतेक काळ ईशान्येकडून वाहतात, आणि कॅनरी प्रवाहही दक्षिणेलाच जातो. म्हणजे जाताना वारा पाठीशी, पाणीही पाठीशी. येताना दोन्ही तोंडावर. किनाऱ्याला धरून, नागमोडी जात, वाऱ्याशी झगडत परतायचं तर पाणी आणि बिस्किटं संपेपर्यंत अर्धी वाटही सरायची नाही.

यावर त्यांना जे सापडलं ते ऐकायला उलटं वाटतं. घरी जायचंय ईशान्येला, तर आधी वायव्येला जायचं. किनारा सोडून थेट अटलांटिकच्या मोकळ्या पाण्यात शिरायचं, व्यापारी वारा उजव्या अंगावर घेत अझोर बेटांच्या अक्षांशापर्यंत वर चढायचं. तिथे पश्चिमी वारे भेटतात. मग जहाज पूर्वेला वळवायचं आणि त्या वाऱ्यावर लिस्बन गाठायचं. याला ते ‘व्होल्टा दो मार’ म्हणत, समुद्राचा वळसा. अंतर वाढतं, पण दिवस घटतात. या वळशात आठवडेच्या आठवडे जमीन दिसत नाही, त्यामुळे जमिनीच्या खुणांवर विसंबणारा तांडेल इथे कामाचा राहत नाही. आकाश वाचणारा माणूस लागतो.

हा वळसा सापडला आणि गिनीचा किनारा पोर्तुगालच्या आवाक्यात आला. तिथून सोनं आलं, आणि माणसंही आली. ऑगस्ट १४४४ मध्ये लागुश बंदरात २३५ आफ्रिकी स्त्री-पुरुष आणि मुलं उतरवून बाजारात वाटून घेतली गेली. आईपासून लेकरं तोडली गेली. परतीच्या वाऱ्याचं ज्ञान आणि ही विक्री यांच्यामध्ये फक्त दहा वर्षं आहेत. एकाचं कौतुक करताना दुसरं बाजूला ठेवता येत नाही.

पुढची पायरी दक्षिण अटलांटिकची. बार्तोलोमेउ डियास १४८८ मध्ये आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आला, पण बहुतेक वाट किनाऱ्याकिनाऱ्याने, वाऱ्याच्या तोंडावर झगडत. गामाने १४९७ मध्ये वेगळं केलं. केप व्हर्दच्या सांतियागो बेटावरून ३ ऑगस्टला निघाला आणि आफ्रिकेचा किनारा सोडून नैऋत्येला, जवळजवळ ब्राझीलच्या दिशेने, समुद्रात शिरला. दक्षिणेला पश्चिमी वारे मिळेपर्यंत खाली उतरला आणि मग पूर्वेला वळला. ४ नोव्हेंबरला जमीन दिसली. तीन महिने सलग फक्त पाणी. कोलंबसला कॅनरी बेटांपासून पलीकडे जमीन दिसायला पाच आठवडे लागले होते, हे शेजारी ठेवून पाहावं.

पुढे दरवर्षी जाणाऱ्या जहाजांसाठी ही वाट पक्की झाली, तरी ती अरुंदच होती. विषुववृत्त फार पूर्वेला ओलांडलं तर गिनीच्या आखाताकडच्या निर्वात पट्ट्यात जहाज अडकतं: शिडं लोंबकळतात, उकाड्याने डांबर पाझरतं, पाण्याला किडे पडतात. फार पश्चिमेला ओलांडलं तर आग्नेयेचा व्यापारी वारा जहाज ब्राझीलच्या पुढे आलेल्या टोकावर रेटतो. ते टोक वळता आलं नाही तर वर्ष वाया. मुकाट्याने लिस्बनला परतायचं आणि पुढच्या मार्चची वाट बघायची. असं कित्येक जहाजांचं झालं. १५०० मध्ये काब्राल १३ जहाजं घेऊन निघाला तो पश्चिमेला जरा जास्तच सरकला आणि २२ एप्रिलला ब्राझीलचा किनारा त्याच्यासमोर उभा राहिला. पुढे केपजवळच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपजवळच्या, वादळात त्याची चार जहाजं बुडाली. त्यांतल्या एकावर डियास होता. बारा वर्षांपूर्वी त्यानेच शोधलेल्या टोकापाशी तो बुडाला.

अशा मोकळ्या पाण्यात आपण कुठे आहोत हे कळायचं कसं? उत्तर गोलार्धात ध्रुवतारा होता. विषुववृत्ताजवळ तो क्षितिजात बुडतो, आणि दक्षिणेला त्याच्या जागी काही नाही. म्हणून सूर्य. अब्राहम झकुतो या ज्यू ज्योतिषाचे तक्ते १४९६ मध्ये पोर्तुगालमधल्या लैरिया गावी छापले गेले. ते म्हणजे आपल्या पंचांगासारखीच गोष्ट, रोजची सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, त्यात मिळते. त्याच सुमारास पोर्तुगालच्या राजाने ज्यूंना धर्म बदला नाहीतर देश सोडा असा हुकूम काढला, आणि झकुतोला देश सोडावा लागला. तक्ते मात्र भारताच्या वाटेला लागले.

रीत अशी. पितळी ॲस्ट्रोलेब, म्हणजे सूर्याची उंची मोजायची कडेवर अंश कोरलेली चकती, अंगठ्याला टांगायचा. वाऱ्याने कमी हलावा म्हणून पुढे पुढे त्याचा मधला भाग कापून टाकू लागले आणि खालची बाजू जड ठेवू लागले. फिरत्या पट्टीच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं. वरच्या भोकातून आलेलं ऊन खालच्या भोकावर पडलं की कडेवरचा अंश वाचायचा. मध्यान्हीला सूर्य सगळ्यांत उंच जातो, तेवढ्यात हे साधायचं. आता गणित. समजा जुलैचा मध्य आहे, आपण केपजवळ आहोत, सूर्य उत्तरेला ३५ अंशांवर. ९० मधून ३५ गेले, ५५ उरले. तक्त्यात क्रांती २० अंश उत्तर. ५५ मधून २० वजा, म्हणजे ३५ अंश दक्षिण. झालं.

पण हेच मेच्या मध्यात, विषुववृत्ताच्या आसपास, घसरतं. सूर्य अजूनही उत्तरेलाच दिसतोय, क्रांती २० अंश, आणि डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्याचं अंतर १५. इथे २० मधून १५ वजा करायचे आणि उत्तर ‘५ अंश उत्तर’ असं वाचायचं. ज्याने केपचा नियम पाठ केलाय पण त्यामागची आकृती समजून घेतलेली नाही, तो म्हणणार ५ अंश दक्षिण. दहा अंशांची चूक, ६०० सागरी मैल. आपण विषुववृत्त ओलांडलं असं समजून तो वळेल आणि जहाज थेट निर्वात पट्ट्यात नेऊन घालेल. म्हणून सुकाणूवाल्यांच्या हाती दिलेल्या पुस्तिकांत सूर्य कुठे, सावली कुठे पडते, अशा एकेका स्थितीचा नियम वेगवेगळा लिहिलेला असे.

शिवाय जहाज डोलतं. काब्रालच्या ताफ्यातल्या मेस्त्रे जुआंव या वैद्याने १ मे १५०० च्या पत्रात राजाला स्पष्ट लिहिलं की जहाज जराही हललं तरी ताऱ्याची उंची मोजताना चार-पाच अंशांची चूक होते, नीट मोजायचं तर जमिनीवरच. गामानेही पहिल्यांदा आफ्रिकेचा किनारा लागल्यावर मोठा लाकडी ॲस्ट्रोलेब तिवईवर मांडून किनाऱ्यावरून मोजणी केली होती.

हे सगळं फक्त उत्तर-दक्षिणेचं. पूर्व-पश्चिम मोजायला पुढची अडीचशे वर्षं काही साधन नव्हतं. जहाजाचा वेग नजरेने ठरवायचा आणि वेळ अर्ध्या तासाच्या वाळूच्या घड्याळाने मोजायची. घड्याळ उलटायचं काम पोरांकडे. पहाऱ्याला कंटाळलेलं पोर वाळू पुरती संपायच्या आधीच घड्याळ उलटी, म्हणजे पाळी लवकर संपे आणि हिशोबात जहाज होतं त्यापेक्षा पुढे गेलेलं दिसे. म्हणून अनुभवी सुकाणूवाले खुणांवर भर देत. केपजवळ पंखांची टोकं काळी असलेले पांढरे पक्षी दिसत, त्यांना ते ‘मखमली बाह्या’ म्हणत. भारताचा किनारा जवळ आला की समुद्रसाप दिसू लागत. ही खूण ग्रीक नाविकांनी पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना ती आजही ठाऊक आहे. गोव्याला यायचं तर साडेपंधरा अंश उत्तर हा अक्षांश धरून पूर्वेला यायचं आणि वेंगुर्ल्यासमोरचे उघडे खडक, ज्यांना पोर्तुगीज ‘जळकी बेटं’ म्हणत, नजरेत घ्यायचे.

या मंडळींत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो जुआंव द कास्त्रू. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला, पण १५३८ मध्ये लिस्बनहून येताना त्याने सगळा प्रवास होकायंत्राची सुई उत्तरेपासून किती ढळते हे मोजण्यात घालवला. एकदा आकडे जुळेनात. शोधता शोधता लक्षात आलं की जवळ ठेवलेल्या तोफेचं लोखंड सुई ओढतंय. त्याच वर्षी गोव्याहून दीवला जाताना त्याने दाभोळ, चौल, मुंबई, वसई या खाड्यांची खोली, त्यांचे खडक, आत शिरायच्या खुणा नोंदवल्या, चित्रं काढली. घारापुरीची आणि कान्हेरीची लेणीही त्याने पाहून लिहून ठेवली. आपल्या किनाऱ्याचं इतकं काळजीपूर्वक केलेलं वर्णन त्या काळात दुसरं क्वचितच सापडेल. आणि ते केलं होतं आरमाराला उपयोगी पडावं म्हणून. दाभोळने ते आरमार तीस वर्षांपूर्वीच पाहिलं होतं. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते बंदर लुटून जाळलं होतं.

लिस्बन-गोवा वाटेचं वेळापत्रक असं बसलं: मार्चमध्ये किंवा फार तर एप्रिलच्या सुरुवातीला लिस्बन सोडायचं. जुलैपर्यंत केप मागे टाकायचं. वेळेत असाल तर मादागास्करच्या आतल्या बाजूने मोझांबिकवरून, उशीर झाला असेल तर बाहेरून वळसा घालून सरळ कोचीकडे. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवा. माल भरून डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत परत निघायचं आणि उन्हाळ्यात लिस्बन. जाऊन-येऊन दीड वर्ष. कुठेही दोन-तीन आठवडे मागे पडलं की पुढचा वारा चुकणार, आणि वारा चुकला की मोझांबिक बेटावर सहा महिने. तापाने आणि रोगराईने तिथे हजारो माणसं मेली. मोसमी वाऱ्याला मराठीत ‘मोसमी’ म्हणतात तो शब्द अरबी ‘मौसिम’वरून, ठरलेली वेळ या अर्थाचा. पोर्तुगीजांनीही तोच शब्द उचलून ‘मोंसांव’ केला. वारा आणि वेळ या दोन गोष्टी या समुद्रात वेगळ्या नव्हत्याच, हे शब्दातच आलं आहे.

हा समुद्र ज्यांचा होता त्यांचं ऐकलं नाही तर काय होतं याचं उदाहरण गामाच्या दोन मामांनी घालून दिलं. व्हिसेंत आणि ब्राश सोद्रे १५०३ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटाशी नांगर टाकून होते. तिथल्या अरब कोळ्यांनी सांगितलं, उत्तरेचा जोराचा वारा येणार आहे, बेटाच्या दुसऱ्या अंगाला जा. बाकीची जहाजं हलली. सोद्रे बंधूंचा आपल्या लोखंडी नांगरांवर भरवसा होता. वारा आला, दोर तुटले, दोघांचीही जहाजं खडकावर गेली. त्या जागेच्या शोधात अलीकडे धातूची एक चकती सापडली, साडेसतरा सेंटिमीटर व्यासाची. जहाजावर वापरायच्या ज्ञात ॲस्ट्रोलेबांमधल्या अगदी जुन्यांपैकी एक. सूर्य मोजायचं यंत्र हाताशी होतं, उत्तरेचा वारा कोळ्यांना ठाऊक होता.

पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कलाही पावसाळ्यानेच शिकवलं. १५१० मध्ये त्याने गोवा पहिल्यांदा घेतला तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. आदिलशाही फौज परतून आली आणि मेअखेर त्याला शहर सोडून जहाजांवर चढावं लागलं. पण जाणार कुठे? पावसाळा लागला की मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा अशा फुटतात की शिडाचं जहाज बाहेर पडूच शकत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे होड्या उगाच शाकारून ठेवत नाहीत. पणजीच्या किल्ल्यावरून तोफा चालू, वरून धो धो पाऊस, आणि जहाजं नदीत कोंडलेली. खाणं संपलं. माणसांनी उंदीर खाल्ले, पेट्यांचं चामडं उकळून खाल्लं. ऑगस्टच्या मध्याला कुठे समुद्र शांत झाला आणि ते निसटले. नोव्हेंबरात तो परत आला. या वेळी मोसम त्याच्या बाजूने होता, तिमय्या या स्थानिक सरदाराची मदतही होती. २५ नोव्हेंबरला शहर पडलं. त्यानंतर तिथल्या मुसलमानांची जी कत्तल झाली तिचं वर्णन त्याने स्वतः राजाला कळवलं आहे.

जहाजावरच्या पोटाबद्दल. माणशी दिवसाला साधारण दीड लिटर पाणी, त्यातच पिणं आणि शिजवणं. दोनदा भाजलेली कडक बिस्किटं, खारवलेलं मांस, थोडी दारू, तेल, व्हिनेगर. पाणी ठेवायच्या लाकडी पिंपाला ते ‘पीपा’ म्हणत आणि जहाजात साचलेलं पाणी उपसायच्या यंत्राला ‘बोंबा’. आपल्या घरातलं पिंप आणि बंब तिथून आले. या आहारात क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. शरीरातला साठा दोन-तीन महिन्यांत संपतो आणि मग जुन्या भरलेल्या जखमासुद्धा उकलायला लागतात. लिंबूवर्गीय फळांनी हे बरं होतं हे खलाशांना अनुभवाने माहीत होतं. गामाच्या माणसांनीही परतीला मालिंदीत संत्री मागवून घेतली होती. पण कारण माहीत नव्हतं, म्हणून सगळं नशिबावर. ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमाने मिळू लागला तो १७९५ पासून. गामानंतर तीनशे वर्षांनी.

परतीच्या वाटेवर अटलांटिकच्या मध्यात सेंट हेलेना हे बेट आहे, तेव्हा निर्मनुष्य होतं. तिथला पहिला रहिवासी गोव्याने दिलेला. फेर्नांव लोपिश नावाचा पोर्तुगीज गोव्यात आदिलशाही बाजूला गेला होता. १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला पडला तेव्हा जिवाला धक्का लावणार नाही या वचनावर त्याला ताब्यात दिलं गेलं. आल्बुकर्कने जीव ठेवला आणि उजवा हात, डाव्या हाताचा अंगठा, नाक, कान कापले. काही वर्षांनी मायदेशी परतताना तो या बेटावर उतरून लपून राहिला. उरलेल्या चार बोटांनी त्याने माती उकरली, झाडं लावली, कोंबड्या-शेळ्या वाढवल्या. जहाज आलं की तो रानात दडे, माणसं त्याच्यासाठी बिस्किटं, बियाणं ठेवून जात. मधला थोडा काळ सोडला तर १५४५ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला. भारतातून परतणारे, हिरड्या सुजलेले खलाशी त्या बेटावरची ताजी फळं खाऊन घरी गेले.

आता वाऱ्याचं ज्ञान तर अरबांना, गुजरात्यांना, मलबाऱ्यांना आधीच होतं. मालिंदीहून गामाला आणणारा वाटाड्याही गुजराती होता असं पुढच्या पोर्तुगीज इतिहासकारांनी लिहिलं आहे. मग पोर्तुगीजांनी या समुद्रात नवीन काय आणलं? जहाजाच्या अंगात बसवलेल्या तोफा आणि एक कागद. १५०२ च्या दुसऱ्या फेरीत गामाने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं ‘मिरी’ हे जहाज बायका-मुलांसकट जाळलं. त्यानंतर कागदाला वजन आलं. ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना. त्यावर जहाजाचं नाव, आकार, नाखवा, माणसं, हत्यारं, जायचं ठिकाण. मिरी आणि युद्धसामग्री न्यायची नाही, पोर्तुगीज नाक्यावर जकात भरायची. कागद नसेल तर जहाज, माल, माणसं जप्त. हजारो वर्षं मोकळा असलेला समुद्र पहिल्यांदाच कुणाच्या तरी मालकीचा असल्याचं सांगितलं गेलं. निजामशाही, आदिलशाही, मोगल, सगळ्यांनी हे कागद घेतले. कागद असूनही भरवसा नव्हता. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ जहाज परवाना असताना पोर्तुगीजांनी पकडून नेलं, आणि जहांगीरने दमणला वेढा घातला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपलं दस्तक सुरू केलं, ते याच युक्तीला तिच्याच भाषेत दिलेलं उत्तर होतं.

पोर्तुगीजांचं खरं नुकसान केलं ते त्यांच्या परतीच्या जहाजांनी. जाताना जहाज हलकं, येताना मिरीने फुटेस्तोवर भरलेलं. त्यात प्रत्येक खलाशाला स्वतःचा माल न्यायची मुभा, त्यामुळे पेट्या, गाठोडी थेट वरच्या तक्तपोशीवर रचलेली. वजन वर गेलं की जहाज लाटेत सावरत नाही. उष्ण पाण्यातल्या किड्यांनी पाइनच्या फळ्या पोखरलेल्या. फटींतून पाणी आत आलं की मिरीची पोती फुटत, दाणे तळाच्या पाण्यात तरंगत बंबाच्या नळीत जाऊन बसत, आणि ज्या घटकेला उपसा हवा त्याच घटकेला बंब बंद. सागवानाचं जहाज यापेक्षा दुप्पट-तिप्पट टिके. १५६० च्या सुमारास गोव्यात बांधलेलं ‘शागाश’ वीस-पंचवीस वर्षं या वाटेवर चाललं.

‘सांव जुआंव’ जहाज १५५२ मध्ये कोचीहून निघालं तेच ३ फेब्रुवारीला, महिनाभर उशिरा. मलबारात लढाई चालू होती म्हणून मिरी गोळा व्हायला वेळ लागला होता. शिडं जुनी, बदली जोड नाही. केपजवळ हिवाळी वादळांनी गाठलं, शिडं फाटली, ती शिवण्यात दिवस गेले, डोलकाठ्या मोडल्या. जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं. पाचशेच्या आसपास माणसं किनाऱ्याला लागली आणि पायी उत्तरेला निघाली. मोझांबिकला पोहोचली फक्त पंचवीस. कप्तान सेपुल्वेदाची बायको दोना लिओनोर हिचे कपडे वाटेत लुटले गेले तेव्हा तिने वाळूत खड्डा करून कमरेपर्यंत स्वतःला पुरून घेतलं आणि ती तिथून उठली नाही. या सगळ्याची सुरुवात कोचीच्या धक्क्यावर झाली होती. जहाज भरल्याशिवाय निघायचं नाही, असं तिथे ठरलं तेव्हा.

आणि मग हे वेळापत्रक फुटलं. १५८३ ते १५८८ गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस असलेल्या लिन्शोटेन या डच तरुणाने वाटेच्या सूचना, वाऱ्यांचे महिने, खाड्यांच्या खुणा निगुतीने उतरून घेतल्या. १५९५-९६ मध्ये ते हॉलंडात छापून निघालं. १६०२ मध्ये डच कंपनी उभी राहिली. १६११ मध्ये ब्राउवर या डच दर्यावर्द्याने केपपासून वर न वळता ४० अंश दक्षिणेच्या आसपासचे जोरदार पश्चिमी वारे धरून सरळ पूर्वेला जाऊन मग जावाकडे वळायची वाट काढली, आणि प्रवास निम्म्यावर आला. भारताच्या मोसमाशी त्यांचं काही अडलं नाही.

पोर्तुगीजांचं मात्र सगळं मोसमाशीच बांधलेलं. त्यांची जहाजं कधी येणार, कधी निघणार, हे आता ॲमस्टरडॅमपासून जावातल्या बटाव्हियापर्यंत (आजचं जकार्ता) सगळ्यांना ठाऊक होतं. १६३० च्या दशकाअखेरीपासून सलग कित्येक वर्षं डच आरमार सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीसमोर येऊन नांगर टाकी. आतली जहाजं मालासकट आत, बाहेरची बाहेर. आग्वादच्या किल्ल्यात गोड्या पाण्याचा साठा भरलेला, तो घेणारं जहाज नाही. डिसेंबर जाई, जानेवारी जाई, परतीचा वारा नदीच्या तोंडावरून वाहून जाई. एप्रिलअखेर, मेच्या सुरुवातीला नैऋत्येला ढग दिसू लागले की डच नांगर उचलून निघून जात. मांडवीचं मुख मोकळं होई, आणि चार-सहा आठवड्यांत पावसाळा ते बंद करी.